रीडिंग रूममधली सिमेंटची बाई

"नारळ! माझ्या रीडिंग रूममध्ये नारळ!" मॅडम ओरडत होत्या. "उद्या बकरं आणाल कापायला! कोण हो तुम्ही? वाचनालयाचं कार्ड आहे का तुमच्याकडे?"

समोर पांढऱ्या सफारीतला एक धिप्पाड गृहस्थ उभा होता. कपाळावर ताजा टिळा, हातात नारळाचं अर्धं भकल. दुसरं अर्धं घरंगळत संदर्भग्रंथांच्या कपाटाखाली गेलं होतं आणि पाण्याची धार आमच्या ग्रंथपाल मॅडमच्या इश्यू रजिस्टरवरून खाली ठिबकत होती. अभ्यासाला बसलेली सगळी पोरं मान वर करून बघत होती. वर्षभरात पहिल्यांदाच ती एकाच गोष्टीकडे एकाग्र झाली होती.

"मॅडम, मुलाचा पेपर आहे अकरा वाजता," सफारीवाला म्हणाला. "तिसऱ्यांदा बसलाय. आम्ही कांदा-बटाटा मार्केटमधली माणसं, कार्ड-बिर्ड आम्हाला काय ठाऊक? इथली देवी पावते असं कळलं, म्हणून आलो."

"कोण म्हणालं देवी? कोण म्हणालं पावते?"

त्यानं आजूबाजूला नजर टाकली. मी तेवढ्यात जमिनीवर आडवा होऊन कपाटाखालचं भकल शोधायला लागलो. ते हाताला लगेच लागलं होतं, पण मी शोधत राहिलो.

आणि तिथेच, फरशीला गाल टेकलेला असताना, भकलाशेजारी मला करंगळी दिसली. सिमेंटची. पोरांनी धरून धरून काळी तुळतुळीत झालेली, आणि तुटली होती तिथे राखाडी. मी ती मुठीत घेतली आणि तसाच पडून राहिलो. उठावंसं वाटेना. खरं सांगायचं तर त्या वर्षात मला कुठूनच उठावंसं वाटत नसे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोपरखैरण्यात नवीन कॉलेज निघालं होतं. चार मजले बांधायचे होते, दोन झाले होते आणि उरलेल्या दोन मजल्यांच्या सळया आकाशात उभ्या होत्या. त्यांच्यावर इतके कावळे बसत की लांबून बघणाऱ्याला इमारतीला केस आलेत असं वाटे. मी तिथे ग्रंथालय परिचर होतो. म्हणजे पुस्तकं उचलायची, पुसायची, लावायची, आणि परीक्षा आली की बाकंही उचलायची. पोरं मला मामा म्हणत. सातशे भाचे होते मला, आणि एकानेही कधी "मामा, बसा" म्हटलं नाही. दिवसभर उभं राहून माझे पाय असे सुजत की संध्याकाळी मी चपलांना नव्हे, चपला मला घालून घरी जायच्या. एकदा तर चालता चालता मागे वळून पाहिलं तर माझी सावली बाकावर बसलेली! मी तिला उठवलं नाही. कोणीतरी बसू दे, म्हटलं.

तर त्या कॉलेजला एक तपासणी समिती येणार होती. प्राचार्य म्हणाले, रीडिंग रूममध्ये काहीतरी कलात्मक पाहिजे, एखादा पुतळा, विचारात बुडालेला माणूस वगैरे. मुलांवर परिणाम होतो. मी चहा घेऊन उभा होतो. मला बोलायची गरज नव्हती. पण माझ्या तोंडाला गरज लागत नाही.

"सर, माझ्या ओळखीचा शिल्पकार आहे," मी म्हणालो. "दुबईपर्यंत माल जातो त्याचा."

दुबईपर्यंत काय, त्याचा माल घणसोलीच्या पुढे गेला नव्हता. तो आमच्या रो-हाउसमागच्या गावठाणातला म्हातारा, गणपतीचा कारखानावाला. सत्तरीचा, हडकुळा, हाताला कायम शाडू लागलेला. जन्म गणपती करण्यात गेला. मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो शेडमध्ये माती मळत होता.

"काका, एक मूर्ती पाहिजे. बसलेलं माणूस, विचार करतंय असं."

"किती दिसांची?" त्यानं मान वर न करता विचारलं.

गणपतीच्या कारखान्यात पहिला प्रश्न हाच असतो. दीड दिवसाचा, पाचाचा, साताचा की दहाचा. त्याप्रमाणे काम ठरतं.

"कायमची," मी म्हणालो.

त्याचे हात थांबले. "म्हंजे बुडवायची नाय?"

"नाही. कॉलेजात राहणार. तुम्ही-आम्ही गेलो तरी राहणार."

म्हातारा मातीचा गोळा हातात फिरवायला लागला. मी मनातल्या मनात हिशेब केला. लहान धरून मोठे, त्याच्या हातचे लाखभर तरी गणपती पाण्यात गेले असतील. मी तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, येवडे नसतील. मग म्हणाला, "पन जेवडे केले तेवडे गेले. आपन पान्यात शिरवायचा आनि भादव्यात परत माती आनायची." आणि हात पुसत, "माज्या हातचा येक तरी बसलेला ऱ्हाऊ दे, मास्तर. करतो मी."

जगात मला मास्तर म्हणणारा तो एकटाच होता. पुस्तकांच्या जवळ राहणारा माणूस मास्तरच असणार, असं त्याला वाटे. मीही कधी दुरुस्ती केली नाही.

त्याने सात महिने लावले. आधी मातीत केली, मग साचा काढला आणि सिमेंटमध्ये ओतली. बाई बसली होती, पाय दुमडून, मांडीवर मिटलेलं पुस्तक, त्यात उजव्या हाताचं बोट अडकवलेलं. डावा हात गुडघ्यावर सैल पडलेला, करंगळी जराशी बाहेर. मान किंचित वाकलेली. वाचता वाचता थांबली आहे आणि जे वाचलं ते मनात घोळवते आहे. एवढंच. पण मातीत करतानाच डोळ्यांपाशी म्हातारा अडकला होता. गणपतीचे डोळे सगळ्यात शेवटी आखतात, आणि त्यात त्याचा हात असा होता की डोळे आखले की मूर्तीकडे पाठ करून उभं राहायला माणूस धजत नसे. इथे मात्र पापण्या खाली यायला हव्या होत्या. आठ वेळा त्यानं डोळे केले आणि आठ वेळा ओल्या फडक्यानं पुसले.

"गनपती मानसाकडं बगतो," मला म्हणाला. "ही कोनाकडं बगत नाय. ते कठीन हाय."

"आहे कोण ही, काका?"

"कोनी नाय."

नवव्या वेळेला डोळे जमले.

तपासणी समिती आली, बाईसमोर दोन मिनिटं उभी राहिली, चहा प्यायली आणि गेली. बाई खिडकीजवळच्या चौथऱ्यावर राहिली. आणि म्हातारा दर गुरुवारी दुपारी येऊ लागला. मॅडमचा नियम कडक, रीडिंग रूममध्ये बसणाऱ्याच्या पुढ्यात पुस्तक उघडं पाहिजे. म्हणून मी त्याच्यासमोर सगळ्यात मोठं पुस्तक ठेवायचो, ॲटलास. त्यात आफ्रिका उघडून तो तासभर बसे आणि आफ्रिकेच्या वरून तिच्याकडे बघे. बसून झालं की ॲटलास मिटून, मला हात करून जाई. वर्षभर तो आफ्रिकेतच होता.

इथवर सगळं ठीक होतं. बिघडवलं ते मी.

पोरं विचारायची, "मामा, ही कोण?" सुरुवातीला मी खरं सांगितलं, कोणी नाही. तर पोरं लगेच पुढे जायची. कोणी नाही म्हटल्यावर समोर थांबायचं कशाला? मला वाईट वाटायचं. म्हातारा एवढे महिने खपला होता. मग मी थोडं थोडं वाढवायला लागलो. सायन्सच्या पोरांना सांगितलं, ही आपल्याकडची पहिली बाई जिनं पारा खाऊन पचवला. मुलींना सांगितलं, हिचं लग्न ठरलं होतं, पण पुस्तकाचं शेवटचं पान राहिलं होतं म्हणून मंडपात गेलीच नाही. एका प्राध्यापकांना तर असं काही सांगितलं की ते वहीत उतरवून घेऊन गेले. पोरं थांबायला लागली. मला बरं वाटायचं.

आणि मग एका सकाळी एक मुलगी पेपरच्या आधी त्या चौथऱ्याशी बसून रडत होती. नापास झाले तर घरचे शिक्षण बंद करणार, असं म्हणत होती. मी पहाटेपासून बाकं उचलत होतो. माझ्यात त्राण नव्हतं. तिची नीट समजूत घालायची तर दहा वाक्यं तरी लागली असती, बसावं लागलं असतं, ऐकून घ्यावं लागलं असतं. मी एकाच वाक्यात उरकलं.

"तिची करंगळी धर," म्हटलं. "जिनं धरली ती आजवर नापास झालेली नाही."

तिनं डोळे पुसले, करंगळी धरली, गेली. आणि पास झाली. नसती झाली तर किती बरं झालं असतं, असं मी नंतर कितीदा मनात म्हटलं आहे. मुलीची क्षमा मागून.

पुढचं मी सांगायला नको. पुढच्या परीक्षेला करंगळीसाठी जिन्यापर्यंत रांग. मग जास्वंद आली, हळद-कुंकू आलं, तेलाचे दिवे आले, हॉलतिकिटं तिच्या मांडीवर ठेवून पोरं डोळे मिटायला लागली. पुस्तक आहे म्हणजे सरस्वती, हे त्यांनीच ठरवलं, ते पाप माझं नाही. मॅडम आरडाओरडा करायच्या आणि मी रोज सकाळी ओल्या फडक्यानं कुंकू पुसायचो.

एका गुरुवारी पुसायचं राहून गेलं. म्हातारा आला, बसला नाही. तिच्या कपाळावरचं कुंकू बघत उभा राहिला.

"पूजा करतान हिची?"

"पोरं आहेत काका. गंमत."

"नको करू देऊ, मास्तर." आवाज चढवला नाही त्यानं. "पूजा झाली की त्या मूर्तीला जायला लागतं. आज ना उद्या कोन तरी नेतो. हिला ऱ्हायाचं हाय."

"मी बघतो," मी म्हणालो. "माझ्यावर सोडा."

पाटी लावायची ठरवलं. लिहायची राहिली. पोरांना सांगायचं ठरवलं, की बाबांनो, मी थापा मारल्या. तेही राहिलं. थाप मारायला मला क्षण पुरतो, मागे घ्यायला ताकद लागते आणि ती मी बाकांवर खर्च करून बसलो होतो.

आणि मग तो सफारीवाला नारळ घेऊन आला. चौथऱ्यावर आपटायला गेला, नेम चुकला.

दुपारपर्यंत कॉलेजभर झालं, देवी खंडित झाली. तीन पोरांचे आईबाप प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभे. खंडित मूर्ती ठेवतात का कुठे? आणि तीही मुलं परीक्षा देतात तिथे? सफारीवाला सगळ्यात पुढे. दोष आपल्यावर येणार हे त्याला कळलं होतं, म्हणून तोच सगळ्यात मोठ्यानं विसर्जन, विसर्जन म्हणत होता. टेंपो माझा, म्हणाला.

प्राचार्य माणूस वाईट नव्हता. मला आत बोलावलं.

"करणाऱ्याला बोलाव. करंगळी जोडून देईल, प्रश्न मिटेल."

"ते मोऱ्याला गेलेत सर, लेकीकडे. शिमग्याला."

"मग जाऊन घेऊन ये."

"सर, पण ही देवीच नाही. खंडित वगैरे काही होत नाही हिला."

"मग कोण आहे ही?"

मी तोंड उघडलं. पारा पचवणारी बाई प्राचार्यांनी ऐकली होती. मंडपात न गेलेलीही त्यांच्या कानावर आली होती. वहीत उतरवून घेणारे प्राध्यापक तर शेजारच्याच खुर्चीत बसले होते. आणि कोणी नाही, हे उत्तर बाहेर उभ्या असलेल्या आईबापांना देता येण्यासारखं नव्हतं. 

"सोमवारपर्यंत त्यांना आण," प्राचार्य म्हणाले. "नाहीतर मी ह्या लोकांना अडवू शकणार नाही. पेपर चालू आहेत."

शुक्रवार-शनिवार पेपर होते. राहता राहिला रविवार. मोरा काही काशी नव्हे. वाशीला जायचं, उरणची बस धरायची, पुढे मोऱ्याच्या जेटीपर्यंत रिक्षा. सकाळी निघालो असतो तर दुपारी म्हाताऱ्याला घेऊन परत आलो असतो. बायकोनं सहाला उठवलं. मी उठलो, चहा घेतला, पाच मिनिटं टेकतो म्हटलं. डोळे उघडले तेव्हा उन्हं भिंतीवरून उतरली होती आणि पोरं बाहेर क्रिकेट संपवून घरी चालली होती. मी पलंगावर बसून राहिलो. अजूनही निघता आलं असतं. पण बसमधली ती उभी गर्दी डोळ्यांसमोर आली आणि पाय खाली टेकवेनात. ह्यापेक्षा मोठं कारण मी शोधलं आहे, वर्षानुवर्षं. सापडलेलं नाही.

सोमवारी प्राचार्यांनी विचारलं.

"गेलो होतो सर," मी म्हणालो. "घराला कुलूप. पितळी, हे एवढं मोठं, त्यावर माशीसुद्धा बसलेली नव्हती. शेजारी म्हणाले, सगळी मंडळी होडीनं पलीकडे गेलीत, कधी येतील ठाऊक नाही."

कुलूप मी इतकं हुबेहूब केलं होतं की मलाच त्याची किल्ली कुठे असेल असा प्रश्न पडला. प्राचार्यांनी सुस्कारा सोडला. "मग काय, घेऊन जा."

चारच्या सुमाराला टेंपो आला. बाईला उचलायला आठ जण लागले. मीही खांदा दिला, कारण उचलायचं काम म्हटलं की सगळे माझ्याकडेच बघतात. कांद्याच्या गोणपाटांवर तिला बसवली. ती आपली तशीच, मान वाकवून, पुस्तकात बोट घालून. टेंपो खड्ड्यांतून असा चालला की माझे दात खिशात पडले असते, पण तिनं मान वर केली नाही.

गावच्या तळ्याच्या पायऱ्यांवर आरती झाली. कुठली म्हणायची यावर थोडा वाद झाला, शेवटी सगळ्यांना पाठ असलेली गणपतीचीच म्हटली. मग सफारीवाला आणि इतर सात जण कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि तिला ढकलली. शाडूचा गणपती पाण्यात टेकतो, डोलतो, जरा रेंगाळतो. ही दगडासारखी गेली. डुबुक झालं आणि तळ्यातल्या म्हशी मागे सरकल्या. आणि कोणीतरी, निव्वळ सवयीनं, ओरडलं, "पुढच्या वर्षी लवकर या!"

कोणी हसलं नाही. मीही नाही. करंगळी माझ्या खिशात होती. टाकायची विसरलो होतो.

गुरुवारी म्हातारा आला. मोऱ्याहून सकाळीच परतला होता. हातात लेकीनं दिलेली सुक्या जवळ्याची पुडी, माझ्यासाठी. दारातून दोन पावलं आत आला आणि थांबला. खिडकीजवळ रिकामा चौथरा, त्यावर तेलाचा चौकोनी डाग. मी ॲटलास घेऊन उभा होतो, का घेतला होता कोण जाणे.

मी त्याला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि सांगितलं. सगळं. करंगळीची थाप, न लिहिलेली पाटी, रविवारची झोप, पितळी कुलूप, टेंपो. माझ्या आयुष्यातली ही एकच हकीगत असेल जी मी न वाढवता सांगितली आणि तरी ती मला फार मोठी वाटली. तो ऐकत होता. मध्ये एकदा विचारलं, कंच्या तलावात. मी सांगितलं. खिशातून करंगळी काढून त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती तुटल्या बाजूनं अंगठ्यानं चाचपली, माल तपासतात तशी, आणि जवळ्याच्या पुडीवर ठेवून दोन्ही माझ्याकडे दिलं.

तो जायला वळला, ते मला सोसेना. म्हणून मी पुन्हा बोलायला लागलो. "काका, ती विरघळलेली नाहीये. सिमेंट आहे. पन्नास वर्षं काही होणार नाही तिला. मे महिन्यात तळं आटतं, गुडघाभर पाणी राहतं. मी माणसं आणतो, दोर आणतो, तुम्ही फक्त काठावर उभे राहा. करंगळी जोडू. इथे नको, तुमच्या शेडमध्ये बसवू, कोणाला कळणारसुद्धा नाही. काका, ती आहे तिथे. तशीच आहे."

त्यानं खांद्यावरचा टॉवेल नीट केला.

"शिरवलेली काढत नाय, मास्तर," तो म्हणाला.